पत्नीच्या यकृताविषयी गावात जे बोलले जाते

माझ्या पत्नीच्या यकृताची ही अवस्था कशी झाली आणि ती कोणामुळे झाली, याविषयी आमच्या भागात सध्या तीन हकिकती सांगितल्या जातात. तिन्ही चुकीच्या आहेत. मी सदतीस वर्षे मराठी शाळेत शिकवले आहे. फळ्यावर चुकीचे उत्तर तसेच ठेवून वर्गाबाहेर जाणे मला कधी जमले नाही, आणि आता वयाच्या या टप्प्यावर जमवून घेण्याची इच्छाही नाही.

पहिली हकिकत माझ्या मुलाची. तो गोव्यात कारखान्यात नोकरी करतो, महिन्यातून एकदा घरी येतो. त्याचे म्हणणे असे, की अप्पांनी, म्हणजे मी, औषधाचे नाव डॉक्टरांना सांगितले नाही, आपल्या घराण्याच्या रिवाजासाठी अडून बसले, आणि त्यात आईचा वेळ गेला. दुसरी हकिकत गावाची, आणि ती बरोबर उलटी आहे: गुरुजींनी नाव सांगितले, म्हणून मुळीचा गुण गेला आणि म्हणून काकी उठत नाहीत. तिसरी माझ्या मेहुण्याची. तो खानापूरकडचा, बोलण्यात मोकळा. तो सांगत सुटला आहे, की आमच्या अक्काला या माणसाने सहा महिने गवत खाऊ घालून आतून वाळवली.

यांपैकी एकाचेही म्हणणे मला मान्य नाही. मात्र माझी बाजू स्वच्छ आहे म्हणून मी हे लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे घर जोयडा तालुक्यातल्या गुंद गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, रानाच्या कडेला आहे. आमच्या घराण्यात काविळीचे औषध देतात. आजोबा देत, वडील देत, त्यांच्यामागे मी देत आलो. सूर्य वर येण्यापूर्वी, रिकाम्या पोटी, तीन सकाळी. मुळी खणताना बोलायचे नाही आणि आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. ती सहाणेवर ताकात उगाळायची. रोग्याने ती घेऊन मागे न पाहता जायचे. पुढे एकवीस दिवस पथ्य: तेल नाही, तूप नाही, मासळी नाही, मिठाचे नाव नाही, नुसती पेज आणि झोप. झाडाचे नाव कोणालाही सांगायचे नाही. सांगितले की औषध मेले. वडिलांनी मला ते नाव त्यांच्या शेवटच्या आजारात सांगितले, तेही खोलीतल्या सगळ्यांना बाहेर पाठवून. उगाळण्याचे काम घरातल्या बाईचे. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्या पत्नीकडे होते, त्यामुळे मुळी कोठे असते आणि किती उगाळायची, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते.

काविळीने पिवळे झालेले लोक दांडेलीहून, रामनगरहून, अगदी घाटाखालूनही आमच्या अंगणात येत आणि महिन्याभरात उजळ होऊन जात. हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरलेला पाहिला आहे. त्यामुळे यकृताचा रोग म्हणजे कावीळ आणि काविळीला आमची मुळी, हे माझ्या मनात दोन आणि दोन चार इतके पक्के होते. आमच्याकडे कोणाच्याही मनात ते तसेच असते.

तीन वर्षांपूर्वी पत्नीच्या उजव्या कुशीत जडपणा येऊ लागला. गुडघ्यांनी तिला आधीच घरात बसवले होते, वजन वाढले होते, रक्तात साखर निघाली होती. मुलाने तिला बेळगावला नेले, मी बरोबर होतो. पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. कागद पाहून त्या म्हणाल्या, "काकू, लिव्हरवर चरबी चढलीय."

"चरबी?" पत्नी म्हणाली. "माझ्या अंगावर कुठं हाय चरबी? हाडं दुखत्यात नुसती."

"आतून चढती, काकू. चहा किती वेळा पिता?"

"चार वेळा."

"आठ वेळा," मी म्हणालो.

"तुम्ही मोजताय व्हय माझा चहा? शाळा सुटली तरी हजेरी घ्यायची सवय जाईना."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी नीट समजावून सांगितले. याला गोळीपेक्षा ताट सुधारणे जास्त उपयोगी. साखर बंद, पांढरा भात मूठभर, तळलेले आणि बेकरीचे बंद, नाचणी, कडधान्य, पालेभाजी, ताक. रोज चालायचे, वजन हळूहळू उतरवायचे. वेळेत केले तर चरबी परत उतरते, असे त्यांनी दोनदा सांगितले. "आणि पाल्या-मुळ्यांचं काही घेऊ नका हां," असेही जाता जाता म्हणाल्या. ते वाक्य मी ऐकले, आणि आपल्यासाठी नाही असे समजून सोडून दिले.

बातमी आमच्या आधी जोयड्याला पोहोचली. तेथल्या चहाच्या दुकानात माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले, "काय गुरुजी, काकींचं लिव्हर बिघडलं म्हणं? मग घरात पीत कोन हुतं?" आणि कोपऱ्यातून दुसरा बोलला, "काकीच की रं! गुरुजी बिचारे चोरून आणून देत असणार." सगळे हसले. तो चेष्टेचा सूर होता, हे मला कळत होते. तरी मी चहा तसाच ठेवून उठलो. माझ्या घरात चार पिढ्यांत दारूचा थेंब आलेला नाही. त्याच दिवशी मी मनाशी ठरवले, की हिचे यकृत मी असे बरे करून दाखवीन, की या लोकांना तोंड उघडायला जागा राहणार नाही.

घरी येताच पहिल्या तीन सकाळी मी तिला मुळी दिली. नंतर डॉक्टरांचा आहार सुरू केला, आणि त्यात मी कसूर केली नाही. मेहुण्याचे गवत ते हेच. सकाळी ताक घातलेली नाचणीची आंबील. दुपारी हुलग्याचे कढण, वाफवलेली पालेभाजी, मूठभर उकडा भात. परसातल्या कोन नावाच्या कंदाचे उकडलेले दोन तुकडे, तेही भाताऐवजी. आंब्या-फणसाच्या दिवसांत फणसपोळीचा डबा मी माळ्यावर ठेवला. अस्वलाच्या भीतीने उन्हे वर आल्यावर आम्ही घरातून निघत असू आणि ओढ्याच्या मोरीपर्यंत जाऊन परत येत असू. मी काठी घेऊन पुढे, ती मागे.

"जरा हळू चाला की ओ," ती मागून म्हणे. "पोरं सुटली तुमच्या हातातनं, आता मी एकटीच गावले तुमाला मारायला."

"मारतोय कुठं? चालवतोय."

"त्येच त्ये."

पण ती चालली. सहा महिन्यांत तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या. जिना चढताना धाप लागेना. माझ्या सगळ्या संसारात त्या सहा महिन्यांइतका वेळ आम्ही दोघांनी एकमेकांबरोबर कधी घालवला नव्हता, हेही येथे लिहून ठेवतो. मेहुणा त्या काळात एकदाच आला आणि ताट पाहून तोंड वाकडे करून गेला. त्याची बहीण त्याच्यापेक्षा जोरात चढण चढत होती, हे त्याने पाहिले नाही.

दुसऱ्या सोनोग्राफीत चरबी बरीच उतरलेली निघाली. रक्ताच्या तपासण्याही सुधारल्या होत्या. डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. "काकू, कमाल केलीत तुम्ही! जेवण आणि चालणं, बाकी काही नाही. हेच चालू ठेवा." पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही, कारण श्रेय चुकीच्या जागी जात आहे असे मला वाटत होते आणि ते दवाखान्यात बोलून उपयोग नव्हता.

मी ते बाहेर बोललो. बसमध्ये बोललो, देवळात बोललो, चहाच्या त्या दुकानात तर मुद्दाम जाऊन बोललो. आणि थंडीत जोयड्याला कंदमुळांचे प्रदर्शन भरले, तेव्हा माइकवर बोललो.

या प्रदर्शनात आमच्या डोंगरातल्या बायका आपापल्या परसातले कोन, कणग्या, मुडल्या घेऊन येतात, मांडतात, विकतात. त्या वर्षी मला चार शब्द बोलायला बोलावले होते. पत्नी पुढे बायकांच्या ओळीत आपल्या कोनांची बुट्टी घेऊन बसली होती. मी म्हणालो, की शहरातल्या यंत्राने माझ्या पत्नीच्या यकृतात रोग दाखवला आणि त्याच यंत्राने तो गेल्याचेही दाखवले. मधल्या काळात काय झाले, ते यंत्राला कळले नाही. आमच्या रानातली एक मुळी तिच्या पोटात गेली, एवढेच झाले. आंबील आणि चालणे याविषयी मी अवाक्षर काढले नाही. टाळ्या पडल्या. पत्नीने पदर सारखा केला आणि शेजारणीकडे पाहून मान किंचित वर केली. तिचा तो चेहरा मला आजही समोर दिसतो.

परतताना जीपमध्ये तिने विचारले, "मुळीनंच उतरली व्हय चरबी?"

"मग कशानं?"

"मग ती बाई आंबील, आंबील का करत हुती?"

"त्यांना त्यांच्या पुस्तकातलं खरं वाटणार."

तिने रिकामी बुट्टी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तसं असंल तर बरंच झालं. मला ती आंबील बघून मळमळतंय आताशा."

हे संभाषण येथे जसेच्या तसे देण्याचे कारण असे, की पुढचे सगळे त्यातून आले. पुढच्याच आठवड्यात शेजारी बारसे होते. तिच्या पानात पुऱ्या वाढल्या गेल्या. तिने माझ्याकडे पाहिले. ती माझ्या नकाराची वाट पाहत होती, हे मला स्पष्ट कळले. मी नको म्हणालो असतो, तर जेवणाऱ्या पंचवीस जणांसमोर माझ्याच भाषणाला खोटे पाडल्यासारखे झाले असते. मी माझ्या पानाकडे पाहत राहिलो. तिने पुऱ्या खाल्ल्या. त्यानंतर चहात साखर आली, माळ्यावरून डबा खाली आला, मोरीपर्यंतचे चालणे देवळापर्यंत झाले आणि पुढे अंगणापर्यंत.

आणि सहाण ओली दिसू लागली. औषधाला कोणी आलेले नसतानाही सकाळी सहाणेवर ओल असे आणि बाजूला ताकाचा पांढरट ओघळ असे. ती रोज घेत होती. तीन सकाळींचे औषध रोज घेऊ नये, हा नियम मला पाठ होता आणि तिलाही होता. मी तिला एका शब्दाने विचारले नाही. मला तेव्हा काय वाटले, ते लिहिणे अवघड आहे, परंतु त्यासाठीच हा कागद हाती घेतला आहे: मला बरे वाटले. इतक्या वर्षांनी घरातले माणूस माझ्या औषधावर असा विश्वास ठेवते आहे, याचे मला समाधान वाटले.

पावसाळा संपता संपता तिचे पाय सुजले. मग डोळे पिवळे झाले. मग पोट वाढू लागले, आणि अंग मात्र काटकीसारखे. मुलगा रजा टाकून आला आणि आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी विचारले, "काकू, दुसरं कुठलं औषध घेत होता? गावठी, मुळी-बिळी?"

"न्हाई," पत्नी म्हणाली. माझा शब्द राखण्यासाठी ती खोटे बोलली.

मुलगा माझ्याकडे वळला. "अप्पा, सांगा की त्यांना. आईपेक्षा त्ये नाव मोठं हाय व्हय?"

येथे मुलाची हकिकत मी खोडून काढतो. मी अडून बसलो नाही. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच मी नाव उच्चारले. झाडाचा कोणता भाग, ताकात किती, हेही सांगितले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला, तेवढाच वेळ मध्ये गेला असेल. त्या खोलीत मी घराण्याचा रिवाज मोडला आणि मला त्याचे काही वाटले नाही. उशीर नाव सांगण्यात झाला नाही. तो बारशाच्या पंगतीत झाला होता, आणि तेव्हा मुलगा तेथे नव्हता.

"रोज घेतलं? किती दिवस?" डॉक्टरांनी विचारले. पत्नीनेच हळू आवाजात सांगितले, "पावसाळाभर."

यकृत आकसले आहे, असे तपासणीत निघाले. चरबीने किती बिघडवले आणि मुळीने किती, हे आता वेगळे करून सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. मी त्यांना बाहेर गाठले. माझ्या आजोबांपासून शेकडो लोक या औषधाने बरे झाले, ते मग कसे झाले, असे मी चढ्या आवाजात विचारले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते. विश्रांती लागते, हलकं जेवण लागतं. तुम्ही एकवीस दिवस तेलतूप बंद करून पेज देत होतात ना, ते चांगलंच करत होतात." त्यांनी ते माझ्या सांत्वनासाठी म्हटले होते. मी बाकावर बसलो. तीन पिढ्या आम्ही पेजेला पथ्य म्हटले आणि मुळीला औषध. पत्नीचे यकृतही आंबिलीनेच सुधारले होते. ती आंबील मी स्वतःच्या हाताने केली होती आणि स्वतःच्या तोंडाने नाकारली.

गावाच्या हकिकतीला उत्तर द्यायचे, तर एवढेच: नाव सांगण्यापूर्वीच ती पिवळी झालेली होती. पण हे कोणी ऐकून घेत नाही. मागच्या महिन्यात एक गडी आपल्या पिवळ्या पडलेल्या भावाला घेऊन अंगणात आला. मी त्याला सरकारी दवाखान्यात जायला सांगितले आणि मुळी देणार नाही म्हटले. तो म्हणाला, "देणार काय? नाव सांगून मोकळं झालासा न्हवं, आता राहिलंय काय त्यात?" ते नाव मी येथेही लिहीत नाही. रिवाज म्हणून नव्हे. कोणीतरी वाचून खणायला जाईल म्हणून.

पत्नी आता घरीच असते. दर काही आठवड्यांनी बेळगावला नेऊन पोटातले पाणी काढतात. फार काही होण्यासारखे नाही, असे डॉक्टरांनी मुलाला सांगितले आणि मुलाने मला फोनवर सांगितले. मीठ बंद आहे. स्वयंपाक मी करतो.

भेटायला येणाऱ्या बायकांना ती सांगत असे, "यांच्या मुळीनं इतके दिस तरी निघाले. न्हाईतर मागंच गेले असते." ही चौथी हकिकत. ती माझ्या बाजूची होती, आणि इतर तिन्हींपेक्षा खोटी होती. इतरांशी भांडणारा मी, ती ऐकून दाराआड उभा राहत होतो.

परवा दुपारी बायका गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो आणि सगळे सांगितले. चरबी जेवणाने उतरली होती. मी जोयड्याला जे बोललो ते खरे नव्हते. पुऱ्यांच्या वेळी मी मुद्दाम गप्प राहिलो. सहाण मी पाहिली होती. माझ्या आवाजात शाळेतला सूर येऊ नये म्हणून मी फार सावकाश बोलत होतो.

तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "उद्यापास्नं मुळी उगाळून द्या. माझे हात चालंनात आता."

"अगं, मी आत्ता काय सांगितलं?"

"आयकलं की."

"मी देणार नाही. तीच मुळावर आलीय तुझ्या."

"आलेल्या-गेलेल्याला देत आलासा जन्मभर," ती म्हणाली. "आणि आता माझ्या येळंला न्हाई म्हणतासा. म्हणजे मी बरी हुणार न्हाई, असं ठरवूनच टाकलासा न्हवं?"

मी नाही म्हटले, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. तिने भिंतीकडे तोंड केले.

आज शेजारीण आली होती. मी चुलीपाशी होतो. पत्नीचा आवाज आता फार लहान झाला आहे, पण शब्द ऐकू येत होते. "त्यांनी हात काढला माझ्यावरनं," ती सांगत होती. "मुळी देत न्हाईत." शेजारीण उठली. जाताना माझ्याकडे न पाहता उंबरा ओलांडून गेली. म्हणजे उद्यापर्यंत हीही हकिकत गुंदपर्यंत जाईल.

मी वाटीत आंबील घेतली, ताक घातले, मीठ घातले नाही, आणि तिच्यापाशी गेलो. "दोन घोट तरी घे," म्हणालो. तिने तोंड उघडले नाही. वाटी निवली. मी ती परत चुलीवर धरली, ऊन करून आणली, आणि पुन्हा तेच म्हणालो.